भंगारातला सर्व्हर आणि भिजलेलं रजिस्टर

थोडं लांब लिहितोय, सवडीने वाचा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटी तो तुमच्या-माझ्या दाखल्यापर्यंत येणार आहे.

दोनेक वर्षांपूर्वी ई-कचऱ्यावरच्या बातमीसाठी बायपासजवळच्या एका भंगार दुकानात गेलो होतो. शेडमध्ये कूलरच्या सांगाड्यांमागे एक लोखंडी खोकं दिसलं. गुडघ्याच्या थोडं वर येईल एवढं उंच, खाली चाकं, पुढे किल्ली फिरवायची सोय. दुकानदार म्हणाला, "साहेब, फ्रीज नाही आणि तिजोरीपण नाही. एका कॉलेजच्या लिलावात आलंय. लोखंड बरंय म्हणून उचललं." पुढचं दार उघडलं तर आत हार्ड डिस्कांच्या रांगा. वर नाव होतं, सन एंटरप्राइझ ४५०.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना सायबर कॅफेच्या मालकाकडून 'सन'चं नाव ऐकलं होतं, तेवढीच माझी ओळख. पण ते खोकं डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो आणि किलोच्या भावाने घरी आणलं. घरात जे बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही.

मग वाचायला लागलो आणि कळलं की १९९७ साली सनने हेच खोकं दोन नावांनी विकायला काढलं होतं. एक एंटरप्राइझ ४५०, म्हणजे सर्व्हर. चार प्रोसेसर आणि वीस डिस्कांपर्यंतची जागा, बंद खोलीत ठेवायचा आणि अख्ख्या ऑफिसने वापरायचा. दुसरं अल्ट्रा ४५०. यंत्र तेच, फक्त त्यात ग्राफिक कार्ड, समोर स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि खुर्चीत एकच माणूस. त्याला म्हणायचं वर्कस्टेशन. म्हणजे माझ्याकडच्या सर्व्हरला एक ग्राफिक कार्ड लावलं की तो वर्कस्टेशन होणार होता. जुनी युनिक्स यंत्रं जमवून घरी चालवणारे लोक अमेरिका, युरोप, जपानमध्ये आहेत, आणि त्यांच्यात अशा सर्व्हरच्या अंगावर उभ्या केलेल्या वर्कस्टेशनना वेगळा मान आहे. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहान यंत्रावर युनिक्स लिहायला घेतलं. १९७३ मध्ये ते सी भाषेत पुन्हा लिहिलं गेलं, म्हणून ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागलं. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे तिला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून तिने युनिक्स विद्यापीठांना अगदी स्वस्तात दिलं. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी त्यात भर घातली. त्यातला एक बिल जॉय.

१९८२ साली स्टॅनफर्डचे तिघे, अँडी बेख्टोलशाईम, विनोद खोसला आणि स्कॉट मॅकनीली यांनी कंपनी काढली आणि बिल जॉयना सोबत घेतलं. 'सन' म्हणजे सूर्य असं मला वाटायचं. खरं तर ती 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'ची आद्याक्षरं. आणि हो, यातल्या खोसलांचा जन्म आपल्या पुण्याचा.

कल्पना सोपी होती. तोवर मोठा कॉम्प्युटर एक असायचा आणि माणसं त्याच्यापुढे ताटकळायची. आता इंजिनिअरच्या टेबलावर त्याचं स्वतःचं दमदार यंत्र ठेवायचं, युनिक्सवर चालणारं आणि नेटवर्कने इतरांना जोडलेलं. विमानाचे भाग, चिपचे आराखडे, तेलाच्या शोधातले नकाशे अशा यंत्रांवर होऊ लागले. किंमत मात्र साध्या पीसीच्या कितीतरी पट.

सुरुवातीच्या काळात गंमत उलटी होती, वर्कस्टेशनचाच सर्व्हर व्हायचा. स्क्रीन काढली, ग्राफिक कार्ड काढलं की झाला सर्व्हर. १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट वर्कस्टेशनवर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. १९९५ चा 'टॉय स्टोरी' सिनेमा सनच्या ११७ स्पार्कस्टेशन २० यंत्रांनी रात्रंदिवस चित्रं काढून पुरा केला. तीही मुळात टेबलावर ठेवायची यंत्रं. रांगेत लावून त्यांना सर्व्हरसारखं राबवलं.

१९९३ चा 'ज्युरासिक पार्क' आठवत असेल. शेवटाकडे ती मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते, युनिक्स ओळखते आणि दारं बंद करते. पडद्यावर फायलींचे जे चौकोनी ठोकळे दिसतात ते सिनेमावाल्यांनी रचलेले नाहीत. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या यंत्रांवर तसा प्रोग्रॅम खरोखर होता. त्याच वर्षी या कंपनीने ओनिक्स बाजारात आणलं. त्यांच्या चॅलेंज सर्व्हरलाच तगडी ग्राफिक यंत्रणा जोडलेली, मोठं मॉडेल फ्रिजएवढं. सर्व्हरच्या अंगावर उभं केलेलं वर्कस्टेशन म्हणतात ते हे. इथे कारण ताकदीचं होतं. टेबलावरच्या यंत्राला जे झेपत नव्हतं ते करायला सर्व्हरच लागायचा.

पुढे कारण बदललं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स आणलं, तिकडे विंडोज एनटी आलं आणि साध्या पीसीचे प्रोसेसर दर वर्षी वेगवान होत गेले. दहा वर्षांत वर्कस्टेशनचं गिऱ्हाईक आटलं. थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा मदरबोर्ड बनवणं परवडेना, मग कंपन्यांनी हाताशी असलेला सर्व्हर घेतला आणि त्यात ग्राफिक कार्ड बसवलं. एचपीचं २००२ चं झेडएक्स ६००० हे आतून त्यांचा आरएक्स २६०० सर्व्हरच. दोन वर्षांत एचपीने ही इटॅनियम वर्कस्टेशनं बंदही केली. आयबीएमचं २००५ चं इंटेलिस्टेशन पॉवर २८५ घ्या. त्याचा मॉडेल क्रमांक ९१११-२८५ आणि त्यांच्या पी५ ५२० सर्व्हरचा ९१११-५२०. पुढचे चार आकडे सारखे, म्हणजे घराणं एकच. २००९ मध्ये तेही विक्रीतून गेलं. सिलिकॉन ग्राफिक्सने आपली जुनी मालिका २००६ च्या डिसेंबरात संपवली आणि २००९ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत विकली गेली. सन २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली.

एकेकाळी बांधकामात सागवान वापरायचे, मग परवडेना तसं जुन्या वाड्याचं सागवान काढून नव्या घराला लावायचे, तसं हे झालं. म्हणूनच संग्राहक या शेवटच्या यंत्रांच्या मागे असतात. जो धंदा संपत आला होता त्याचं शेवटचं काम त्यांच्यात दिसतं.

युनिक्स मात्र संपलं नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे आणि ते युनिक्सच्याच वळणावर घडलेलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोडेम लावून स्वस्तातलं 'शेल अकाउंट' वापरणारे लोकही युनिक्सवरच टाईप करत होते. आमच्या गावातल्या एका बँकेत हिरव्या अक्षरांचे टर्मिनल होते, तेही युनिक्सच. आपण सगळे युनिक्स वापरत मोठे झालो, नाव माहीत नव्हतं इतकंच.

आता माझ्या खोक्याकडे येतो.

दुरुस्तीचं दुकान असलेल्या मित्राला बोलावलं. किल्ली फिरवली, पंखे असे घोंगावले की शेजारचे गॅलरीत आले, पण दिसायला काहीच नाही. दोन दिवस असेच गेले. मग कुणीतरी त्या कॉलेजच्या निवृत्त लॅब असिस्टंट काकांचं नाव सुचवलं. काका आले, चष्मा पुसला, यंत्राच्या पाठीमागे बघितलं आणि म्हणाले, "अहो पत्रकार, कीबोर्ड नसला की हा सिरियल पोर्टवर बोलतो. केबल आणा, स्पीड ९६०० लावा." केबल जोडली आणि लॅपटॉपवर अक्षरं उमटली. पहिलीच ओळ तक्रारीची होती, यंत्राला स्वतःची ओळखच आठवत नव्हती.

हा सनच्या त्या काळच्या सगळ्या यंत्रांचा दुखणाईत कोपरा. मदरबोर्डवर एक चिप असते. तिच्यात यंत्राचा ओळख क्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता, आणि हे टिकवणारी बॅटरीही त्या चिपच्याच आत सीलबंद. बॅटरी संपली की ओळख पुसली जाते. त्या काळात महागडं सॉफ्टवेअर याच क्रमांकाशी बांधून विकायचे. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर बॅटरी संपली की मालकालाच ओळखेनासं होतं. वर ओरॅकलकडे गेल्यावर फर्मवेअर आणि दुरुस्त्या फक्त सपोर्टचा करार असलेल्यांना मिळू लागल्या. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा करार आता कोण करणार?

संग्राहकांनी यावर तोड काढली आहे. चिपचं वरचं कवच बारीक घासून आतल्या मेलेल्या बॅटरीचे टोक शोधायचे आणि बाहेरून घड्याळाचा गोल सेल सोल्डर करायचा. मित्राने ते केलं, पहिल्या प्रयत्नात हात भाजून घेतला, दुसऱ्यात जमलं. मग काकांनी एकेक आकडा टाईप करून ओळख परत भरली. सनचा पत्ता ८:०:२० ने सुरू होतो, पुढचे आकडे आपण द्यायचे. जगभरच्या हौशी लोकांत तिथे सी-झिरो-एफ-एफ-ई-ई टाकायची पद्धत आहे. इंग्रजीत ते 'कॉफी'सारखं दिसतं. आम्हीही तेच टाकलं, चहा पीत पीत.

आधी कोरी डिस्क घालून सोलारिस ८ चढवलं. कॉलेजच्या डिस्का बाजूला काढून ठेवल्या, कारण काका हळूच म्हणाले होते, "त्यात ऑफिसचं सगळं आहे. प्रवेश, जनरल रजिस्टर, फी. मी रोज रात्री काढून ठेवायचो."

माझ्या पोटात गोळा आला. हजारो पोरांची नावं, जन्मतारखा, जाती, पत्ते, आणि ते किलोच्या भावाने रस्त्यावर. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ म्हणतात की मोठ्या वापरकर्त्यांनी असं सामान नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचं. पण डिस्क पुसली का, एवढं विचारणारा माणूस लिलावाच्या टेबलावर नव्हता.

कॉलेजला पत्र दिलं. उत्तर आलं की सगळं नव्या सॉफ्टवेअरवर घेतलेलं आहे, जुन्याची गरज नाही. मी डिस्का कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि विषय तिथेच राहिला.

चार महिन्यांनी त्याच ऑफिसातून फोन आला. एक माजी विद्यार्थी दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी आला होता. मूळ दाखला हरवलेला, मुलाच्या जात पडताळणीसाठी हवा होता. त्याच्या वर्षाचं रजिस्टर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजलेलं. आपल्याकडे कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. आणि नवं सॉफ्टवेअर? त्यातल्या नोंदी २००६ पासूनच्या. त्याआधीच्या नोंदी "नंतर भरू" म्हणून राहिल्या होत्या. म्हणजे त्या चार-पाच वर्षांच्या पोरांची ऑफिसातली नोंद उरली होती ती फक्त भंगारातून आलेल्या डिस्कांवर.

कॉलेजचं पत्र घेतलं आणि ऑफिसच्या क्लार्कना समोर बसवून डिस्क घातली. पासवर्ड काकांच्याही लक्षात नव्हता. त्यांनी सीडीवरून यंत्र सुरू केलं आणि डिस्क बाहेरून उघडली. आजच्या लिनक्सवरही अशा डिस्का वाचता येतात, पण त्याला त्या काळची स्कझी जोडणी लागते. तालुक्याच्या गावात ती सापडली एकाच ठिकाणी, त्याच खोक्याच्या पोटात.

डेटाबेस काही उघडला नाही, त्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कधीच गेलेलं. पण काकांनी रात्री प्रिंटसाठी काढलेल्या फायली होत्या. साध्या मजकुराच्या, एका ओळीत एक विद्यार्थी. जमेल ते साध्या मजकुरात ठेवायचं ही युनिक्सची जुनी सवय. तिनेच आम्हाला तारलं. नेटवर्कची केबल लावून फायली लॅपटॉपवर घेतल्या. रजिस्टरची जी पानं वाचता येत होती त्यांच्याशी क्लार्कनी नोंदी ताडून बघितल्या. जुळल्या. त्या माणसाचं नाव सापडलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त उठून पंखा वाढवला.

सगळं मिळालं असं मात्र नाही. एका वर्षाची फाईल मध्येच तुटलेली होती. मराठीत टाईप केलेली पत्रं उघडली तर नुसती चिन्हं, कारण तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. युनिकोडच्या आधी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असायची. माझ्या स्वतःच्या पहिल्या चार वर्षांच्या बातम्याही अशाच गेल्या. ज्या पेपरात होतो तिथली जुनी पानं टेपवर होती. टेपा आहेत, टेप वाचणारं यंत्र विकलं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सगळ्या महाराष्ट्रात जुनी दप्तरं बाहेर आली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण तेव्हा आपल्याला कळलं की कागद असून भागत नाही, मोडी वाचणारा माणूस लागतो. तहसीलमध्ये मोडी वाचकांसाठी धावपळ झाली ती आपण पाहिली. शंभर वर्षांपूर्वीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो तरी. वीस वर्षांपूर्वीची डिस्क हातात धरून काहीच दिसत नाही. तिला यंत्र लागतं, यंत्राला चिप लागते, आणि ते सुरू करणारा माणूस लागतो. आमचे काका म्हणजे त्या डिस्कांचे मोडी वाचक. त्यांना निवृत्त होताना शाल-नारळ मिळाला. त्यांना काय येतं ते कुणी लिहून घेतलं नाही.

कायदा यात मागे नाही. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये कॉम्प्युटरने तयार केलेली सामग्रीही अभिलेखात धरलेली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. खासगी कॉलेज यात बसतं की नाही ते वकील सांगतील. पण नगरपालिका, झेडपी, तहसील इथे नव्वदच्या दशकापासून कॉम्प्युटर आहेत. तेव्हाच्या यंत्रांचं काय झालं, हे मी माहितीच्या अधिकारात विचारायला सुरुवात केली आहे. उत्तरं आली की इथेच लिहीन.

तोवर तीन साध्या गोष्टी. तुम्ही ऑफिसात, संस्थेत, सोसायटीत, कारखान्यात असाल तर जुना कॉम्प्युटर निर्लेखित करायच्या यादीत टाकण्याआधी एक ओळ जास्त लिहा: यात काय आहे, त्याची प्रत कुठे आहे, ती कुणी उघडून बघितली. प्रत असेल आणि उघडत असेल तर डिस्क पुसा आणि मगच लिलावाला काढा. प्रत नसेल तर थांबा. आणि ते यंत्र चालवणारा माणूस निवृत्त होत असेल तर शाल-नारळाच्या आधी एक वही त्याच्यासमोर ठेवा.

डिस्का कॉलेजच्या तिजोरीत गेल्या. कॉलेजने नोंदी छापून, सही-शिक्क्यानिशी नवं रजिस्टर केलं, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. त्या माणसाला दाखला मिळाला.

खोकं माझ्याकडेच आहे. मध्यंतरी मित्राने एक जुनं ग्राफिक कार्ड मिळवून दिलं, काकांनी माळ्यावरून सनचा कीबोर्ड आणला. त्यामुळे सर्व्हर म्हणून जन्मलेलं हे यंत्र आता आमच्या पडवीत वर्कस्टेशन झालं आहे. वीज फार खातं, म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारीच लावतो. काका येतात, मित्राचा मुलगा येतो, काका त्याला एकेक कमांड शिकवतात आणि तो वहीत उतरवून घेतो. वही चौथ्या पानावर आहे.

तुमच्या ओळखीत कुणी जुने ऑपरेटर, ईडीपी विभागातले, बँकेच्या कॉम्प्युटर खोलीतले निवृत्त कर्मचारी असतील तर मेसेजमध्ये कळवा. मी येतो, वही घेऊन.